मागणी नसलेलं उपोषण

तालुक्यात कुणाला उपोषणाला बसायचं असलं की तो आधी वकिलाकडे जात नाही, सूर्यभानतात्या वैरागरांच्या दुकानात येतो. दुकान तिसगाव-शेवगाव रस्त्यावरच्या एका फाट्यावर आहे, जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं. तात्या नागापूरच्या एमआयडीसीत वाइंडिंग शिकले, तिथेच युनियन शिकले आणि दोन्हींतलं दुसरं जरा जास्तच चांगलं शिकल्यामुळे गावी परत आले.

मोटारीत तांब्याची तार भरता भरता ते आलेल्या माणसाला धडा देतात. "गेटासमूर बसायचं न्हाई. तिथनं पोलीस उचलत्यात. पयल्या दिवशी आडवं पडायचं न्हाई. पडलास तर लोक म्हंत्यात, घरूनच आजारी आलाय. आन् कपडे पांढरे, इस्तरीचे. दाढी करायची, डोक्याला तेल चोपडायचं, भांग पाडायचा. फोटू पयल्या दिवशीचाच येतो पेपरात. मागून तू मेलास तरी कुनी कॅमेरा घेऊन येत न्हाई."

हे सगळं स्वतःच्या पोटावर शिकलेलं. तात्यांच्या उपोषणांनी फाट्याला एसटीचा थांबा मिळाला, ख्रिस्ती वस्तीला हातपंप मिळाला, रेशनच्या दुकानदाराला तराजू बदलावा लागला. एकच मागणी वर्षानुवर्षं अडून बसली होती, ती म्हणजे ओढ्यावरची फरशी, पाण्यातून पलीकडे जायचा ठेंगणा पूल.

वस्तीची दफनभूमी ओढ्यापलीकडे आहे. गावाने जागा देताना अशी दिली की जिवंतपणी तिथे कुणाला जावंसं वाटू नये आणि मेल्यावर कुणाला जाता येऊ नये. पावसाळ्यात शवपेटी खांद्यावर घेऊन पाण्यातून चालायचं. तात्यांच्या आईची पेटी ओढ्याच्या मधोमध कलंडली होती. माणसांनी सावरली, पण आत पाणी शिरायचं ते शिरलं. पलीकडे टेकवल्यावर पेटीच्या फटींतून पाणी ठिबकत राहिलं. चर्चच्या पाळकसाहेबांची प्रार्थना संपेपर्यंत तात्या त्या थेंबांकडे बघत उभे होते. त्यानंतर फरशीसाठी ते कितीदा बसले आणि कितीदा आश्वासन पिऊन उठले, ते तहसीललाच ठाऊक. आश्वासन नेहमी लिंबाच्या सरबतात विरघळवून मिळतं.

तर असा हा उपासातला मुरलेला गडी. त्याची जिरवली ती मात्र पाळकसाहेबांनी, तीही नकळत.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाळकसाहेब उपासावर बोलले. लोकांनी बघावं म्हणून जो उपाशी राहतो त्याला लोकांनी बघितलं, झालं, त्याचं फळ त्याला तिथल्या तिथे मिळालं. देवाकडे त्याचं काही बाकी राहिलं नाही. उपास करायचा तर तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून करावा, शेजाऱ्याला सुगावा लागू देऊ नये, असं प्रभू सांगून गेलेत. बायका माना डोलावत होत्या. पंचांच्या बाकावर बसलेल्या तात्यांची मान मात्र ताठ झाली. आयुष्यभराची उपोषणं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली. प्रत्येकाला बॅनर होता आणि प्रत्येक बॅनरवर त्यांचा हात जोडलेला फोटो होता.

घरी येऊन चपला काढायच्या आत ते म्हणाले, "पाळकसाहेब आज मला धरून बोलले."

"तुमाला कशाला धरत्यात?" त्यांची बायको एस्तेरबाई चुलीपुढून बोलली. "तुमी कवा देवापुढं उपास केलाय? तुमचे समदे उपास तहसीलदारापुढं."

"तहसीलदारापुढं केले म्हनून तुझ्या दारात हातपंप हाय!"

"मग हातपंपाचं पानी पिऊन गप बसा की. मी कुटं काय म्हन्ले?"

एस्तेरबाई दर शुक्रवारी बायकांच्या उपास-प्रार्थनेला जाते, दिवसभर कोरड्या घशाने गाणी म्हणते आणि संध्याकाळी येऊन भाकरी थापते. तिची बातमी आजवर कुठे छापून आलेली नाही. तात्यांना हे त्या दुपारी पहिल्यांदा सुचलं आणि त्यांची झोप उडाली.

संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं होतं. हा दुःखसहनाचा आठवडा. सोमवारपासून उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं. बॅनर नाही, निवेदन नाही, पत्रकार नाही. बायकोलासुद्धा कळू द्यायचं नाही. जन्मात एक तरी उपास असा करायचा की जो फक्त वरच्याने बघितला.

सोमवारी पहाटे ते प्रार्थनेला गुडघे टेकून बसले आणि पहिलाच घोळ झाला. तोंडातून शब्द आले, "प्रभू, वरील विषयास अनुसरून..." पुढे अडलं, कारण वर विषयच नव्हता. आरोग्य मागावं तर ठणठणीत होते, फरशी मागावी तर ते देवाचं खातं नव्हतं, तहसीलचं होतं. मागणीशिवाय उपाशी कसं राहायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी वैतागून म्हणाले, "ह्या खेपेला काय मागत न्हाई. नुसता बसतो. आमेन."

मग शास्त्राप्रमाणे तोंड धुतलं. डोक्याला तेल लावलं. तेल लावल्यावर हात आपोआप भांगाकडे गेला, भांग पाडल्यावर आपोआप दाढीकडे आणि दाढी झाल्यावर आपोआप इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याकडे. असे लखलखीत होऊन तात्या फाट्यावर आले.

समोर बिभीषणचं हॉटेल. बिभीषण कढईपुढे उभा राहून सगळ्या रस्त्यावर नजर ठेवतो. त्याने नेहमीसारखा चहा पाठवला. तात्यांनी परत पाठवला. बिभीषणने मान वर केली. पांढरा सदरा, चपचपीत भांग, गुळगुळीत दाढी, आणि चहाला नाही! तो झारा हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला.

"तात्या, कुठं बसायचंय?"

"कुठं बसायचं? ह्ये बसलोय की दुकानात."

"आस्सं." बिभीषणने आवाज खाली घेतला. "दुकानातच. म्हंजी मंडपाचा खर्च न्हाई, परवानगीची भानगड न्हाई. लई डोकं लावलं."

"आरं, तसलं काय न्हाई."

"तेच. तसलं काय न्हाईच म्हनायचं." डोळा मारून बिभीषण परत गेला आणि भजी तळता तळता आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिला, की तात्यांचं काही नाही, तसलं तर मुळीच काही नाही.

एस्तेरबाईने दिलेला डबा तात्या दुकानामागे एका लंगड्या कुत्र्याला घालू लागले. कुत्रं इमानी निघालं. संध्याकाळी ते तात्यांच्या पाठोपाठ घरापर्यंत आलं आणि डब्याकडे बघत दारात शेपूट हलवत बसलं. एस्तेरबाई म्हणाली, "ह्ये कुनाचं?" तात्या म्हणाले, "वळखत न्हाई." कुत्र्याने तात्यांचे पाय चाटले. "दुकानात खाऊन आलोय," असं सांगून तात्या पांघरूण डोक्यावर घेऊन पडले. पोटात असा आवाज येत होता की वाटावं, मोटारीचं बेअरिंग गेलंय. उपोषणाला मंडपात भूक लागते तेव्हा समोर माणसं असतात, घोषणा असतात, चिडायला कुणीतरी असतं. इथे पांघरुणाखाली चिडायचं कुणावर?

मंगळवारी तलाठी वैजनाथ भाऊसाहेब सहज म्हणून दुकानात डोकावले. तलाठी कधी सहज डोकावत नसतो. "काय तात्या, तब्येत? पानी-बिनी पिताय ना?" असं विचारून गेले. त्याच दिवशी फाट्यावर बातमी आली की गुरुवारी एक मंत्री याच रस्त्याने दौऱ्यावर जाणार आहेत. आणि बुधवारी दुपारी नायब तहसीलदारांची जीप दुकानापुढे उभी राहिली.

नायब तहसीलदार लीना मॅडम खाली उतरल्या. मागून वैजनाथ भाऊसाहेब, त्यांच्या हातात सरबताची बाटली. बिभीषणने कढईखालचा जाळ कमी केला आणि मोबाईल बाहेर काढला.

"वैरागर, हे बरं नाही," मॅडम म्हणाल्या. "निवेदन नाही, नोटीस नाही, एकदम दुकानातच?"

"मॅडम, माझं दुकान हाय. मी दुसरं कुठं बसू?"

"तेच म्हणतेय मी. नवीन पद्धत काढलीत. आम्ही कारवाई तरी कशावर करायची?"

वैजनाथ पुढे सरकले. "तात्या, मागनी काय तेवढं सांगा. रिपोर्टात ती जागा रिकामी हाय."

"मागनी न्हाई."

"मागनी न्हाई असं कसं? उपोषन हाय म्हनल्यावर मागनी आसतीच."

"आरं पन उपोषन न्हाईच!"

"बरं," मॅडमनी मोटारीच्या खोक्यावर हात ठेवला, "मग सकाळी काय खाल्लं?"

तात्यांनी हातातली तार खाली ठेवली. खोटं बोलावं तर दुःखसहनाचा आठवडा. खरं बोलावं तर बिभीषणचा मोबाईल समोरच. "मी काय खाल्लं न् काय न्हाई, त्याच्याशी शासनाचा काय संबंध?" ते ओरडले. त्यांना ओरडायला नको होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर लगेच समजल्यासारखं हसू आलं.

"म्हणजे उपाशी आहात. आणि मागणी फरशीची आहे, हे मला काय माहीत नाही? ठीक आहे. उद्या सकाळी ओढ्यावर जेसीबी उभा करते."

फरशी म्हटल्याबरोबर गर्दीतून ख्रिस्ती वस्तीतली माणसं पुढे आली. सगळ्यांत पुढे चर्चचे पंच याकोबमामा. मामांनी तात्यांच्या कानाशी तोंड नेलं. "सूर्यभान, पी. डोळं झाकून पी. माझं वय झालंय, ह्या पावसाळ्यात मला वड्यातनं न्यायचाय का?"

"मामा, मी खरंच बसलो न्हाई."

"तू बस न्हाईतर उभा ऱ्हा, सरबत पी!"

तात्यांच्या नकाराचा मॅडमनी सरकारी अर्थ लावला. मागणी अपुरी पडतेय. त्यांनी ओढ्यापर्यंत मुरूम टाकून देते म्हणून सांगितलं. तात्यांनी मान हलवली. त्यांनी दफनभूमीला तारेचं कुंपण कबूल केलं. तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि एक दिवा," मॅडम म्हणाल्या. "दिव्याखाली कोन वाचत बसनार हाय तिथं?" मागून कुणीतरी म्हणालं. वैजनाथ घाम पुसत मॅडमकडे बघत होते, की आता ह्या दफनभूमीत नळ देतात की काय.

तात्यांच्या डोळ्यांपुढे ती पेटी आली, ते ठिबकणारं पाणी आलं. एक घोट तर घ्यायचा होता. देव समजून घेणार नाही का? तो काय तहसीलदार आहे, नियमावर बोट ठेवायला? हात बाटलीकडे निम्म्यापर्यंत गेला. आणि मॅडमनी जिंकत आलेला डाव आणखी पक्का करायला शेवटचं पान टाकलं.

"असं करू. आज नकोच. उद्या साहेबांची गाडी इथे थांबवते. मंत्रीमहोदयांच्या हस्ते सरबत घ्या. सगळे पेपरवाले बरोबर आहेतच."

मंत्र्याच्या हस्ते! आजवरचं सगळ्यांत मोठं उपोषण नायब तहसीलदाराच्या हस्ते सुटलं होतं. तात्यांना पेपरातला फोटो दिसला. मंत्री वाकलेला, त्याच्या हातात पेला, आणि पांढऱ्या सदऱ्यातले आपण. भांग एकदम सरळ. तीन दिवस कोरडं पडलेलं त्यांचं तोंड पाणावलं. पेटी नाही, ओढा नाही, आई नाही, डोळ्यांपुढे नुसता तो फोटो. आणि तेव्हाच तात्यांना स्वतःची अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याला दाखवायचा नव्हता त्या जगाला हा उपास आता मंत्र्याच्या हस्ते विकायला काढलाय, आणि गिऱ्हाईक बघून आपल्यालाच लाळ सुटलीय!

ते उठले. गर्दी बाजूला सारून रस्ता ओलांडला, बिभीषणच्या कढईशेजारच्या परातीतलं एक कांदाभजं उचललं आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकलं.

"बघा मॅडम. बसलोय का मी?"

भजं नुकतं निघालं होतं. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. "तोंडात धरलं आसंल," वैजनाथ म्हणाले, म्हणून तात्यांनी गिळून तोंड उघडून दाखवलं. मग संशय राहू नये म्हणून दुसरं खाल्लं. तिसरं कशासाठी खाल्लं ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. कांदा खुसखुशीत होता, ओवा बरोबर पडला होता आणि माणूस सोमवारपासून पाण्यावर होता.

मॅडमनी वैजनाथकडे बघितलं. "खाल्लं?"

"खाल्लं मॅडम. मिरचीबी घेतली आता."

"मग मला कुणी सांगितलं हा बसलाय म्हणून?" मॅडम कडाडल्या. कुणीच सांगितलं नव्हतं. बिभीषण तर सोमवारपासून तसलं काही नाही असंच म्हणत होता. जीप धुरळा उडवत निघून गेली. जेसीबी, मुरूम, कुंपण आणि दिवा तिच्यातच बसून गेले. फरशी खरंच झाली असती का? मंत्र्याचा दौरा आटोपल्यावर असल्या जेसीबीचं डिझेल संपतं, हे ह्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण झाली असती तर? ह्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि वस्तीतल्या माणसांनी तो तात्यांना विचारल्याशिवाय सोडला नाही.

"तीन भज्यांत फरशी घालवली!" याकोबमामा रस्त्यात उभे राहून ओरडले. "आरं, उपाशी नव्हतास तर निदान तोंड तरी बारीक करायचंस!"

संध्याकाळी पंचांची बैठक बसली. बिभीषणने काढलेला व्हिडिओ एव्हाना चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर फिरून आला होता. दुःखसहनाच्या आठवड्यात, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका एक वेळ जेवून राहिलेल्या असताना, चर्चचा एक पंच भर फाट्यावर भजी खातोय, तोंड उघडून दाखवतोय, वर मिरची घेतोय. एस्तेरबाई बायकांच्या बाजूला पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. तिला मान वर करायची सोय राहिली नव्हती.

पाळकसाहेब शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "सूर्यभान, फरशीचं जाऊ द्या. ते सरकारचं आहे. पण रविवारी मी काय बोललो? एक आठवडा, वैरागर. एक आठवडा तुम्हाला जिभेवर ताबा ठेवता आला नाही?"

तात्या उठून उभे राहिले. सगळे सावरून बसले, कारण तात्या उठले की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वेळी एक खुर्ची मोडली होती. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. तुमच्यापैकी कुणी केला नसेल असा उपास मी केलाय. सोमवारपासून अन्नाचा कण नाही. विचारा त्या लंगड्या कुत्र्याला. एवढं एक वाक्य टाकलं असतं तर पाळकसाहेब गप्प, याकोबमामा गप्प, आणि एस्तेरबाईची मान वर. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पदराच्या आडून त्यांच्याकडेच बघत होती. हे वाक्य एकट्या तिला सांगायलाही त्यांची जीभ शिवशिवत होती.

त्यांनी ते भाजलेल्या जिभेवरच थोपवलं.

"चुकलं, पाळकसाहेब," तात्या म्हणाले आणि खाली बसले.

तात्यांच्या तोंडून हा शब्द युनियनने ऐकला नव्हता, तहसीलने ऐकला नव्हता, लग्नाला इतकी वर्षं होऊन एस्तेरबाईनेही ऐकला नव्हता. याकोबमामांचा राग पळाला आणि त्याजागी भीती आली. "सूर्यभान, छातीत दुखतंय का?" ते म्हणाले. कुणीतरी पंखा वाढवला. वस्तीत नर्सचं काम करणारी रुपाली पळत जाऊन बीपीचं मशीन घेऊन आली. पट्टा फुगवून बघितला तर बीपी उतरलेलं. "बघा," रुपाली म्हणाली, "तेलकट खाल्लं की असं होतं."

पाळकसाहेबांनी खास प्रार्थना केली, त्यात तात्यांच्या पचनाचाही उल्लेख झाला.

घरी आल्यावर एस्तेरबाईने ताट वाढलं. तात्या म्हणाले, "भूक न्हाई."

"कशी आसंल? भर फाट्यावर पोटभर झाली की." तिने ताट आत नेलं आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटली. तात्या पाणी प्यायले. भज्यांनी उपास फुटला की नाही, ते वरचा बघून घेईल. शुक्रवारपर्यंत पुढे चालवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पोटात पुन्हा बेअरिंग वाजू लागलं. पण त्या रात्री प्रार्थनेत 'वरील विषयास अनुसरून' आलं नाही. काहीच आलं नाही. बराच वेळ ते नुसते बसले होते, आणि चिडायला कुणी नाही ह्याची त्यांना खंतही वाटली नाही.

पुनरुत्थानाचा सण झाल्यावर तात्या रीतसर बसले. निवेदन दिलं, मंडप घातला, बॅनर लावला, मागणी फरशीची. लीना मॅडमनी दोन दिवस शिपाई पाठवून त्यांच्या आसपास खरकटं पडलंय का ते बघून घेतलं, मग लेखी आश्वासन दिलं. ओढ्याकाठी आता खडीचा एक ढीग पडलाय. फरशी व्हायची आहे.

नाव मात्र कायमचं पडलं. पूर्वी ते उपोषणवाले तात्या होते. आता मोटार घेऊन येणारं माणूस फाट्यावर विचारतं, "भजेवाल्या तात्यांचं दुकान कंचं?" आणि बिभीषण झाऱ्याने दाखवतो. याकोबमामा तर प्रत्येक बैठकीत एकदा तरी म्हणतात, "सूर्यभानला कढईच्या बाजूला बसवू नका रे." सगळे हसतात. एस्तेरबाईही आता हसते. तात्यांचे कान लाल होतात, ते हातातला पाना घट्ट धरतात, तोंड उघडतात. मग मिटतात आणि तारेचा पुढचा वेढा घालायला घेतात.